घराला कठडा, सडकेला काय?



आपल्या पॅरिशमधील एका आजींना आम्ही काही महिन्यांपासून घरी जाऊन कम्युनियन देत होतो. वय ७८. रविवारच्या मिस्साला त्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल असे आम्ही परस्पर ठरवून टाकले आणि आजाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव लिहिले. एके दिवशी त्यांनी स्वतः चहा केला आणि कपबशी घेऊन सरळ चालत आल्या. आम्ही म्हणालो, "आजी, गुडघे तर चांगले दिसतात तुमचे." त्या म्हणाल्या, "गुडघ्याले काय झालं फादर? गुडघे बरे हायेत. पन सडक पार कराची म्हनलं का जीव घाबरते. दोनदा अर्ध्यातून वापस गेली जी मी."

त्यांचे घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्ये फक्त एक रस्ता.

त्यांच्या या बोलण्याने आम्हाला एक जुना प्रसंग आठवला. सुमारे १२ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी असताना, आम्ही नववीत शिकणाऱ्या एका मुलाचा अंत्यविधी केला होता. संध्याकाळी ट्यूशनहून तो सायकलने घरी येत होता. रस्त्याच्या कडेची नाली उघडी होती. ती चुकवण्यासाठी तो रस्त्याच्या मधल्या बाजूला आला आणि मागून ट्रक आला. दफनभूमीच्या फाटकाशी त्याच्या आईने आम्हाला विचारले, "फादर, ही देवाची इच्छा होती काय?" आम्ही म्हणालो, "हो ताई. त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत." ती माउली काही बोलली नाही.

त्या नालीवर फरशी टाकायला हवी, असे त्या वस्तीत सगळ्यांनाच वर्षभर वाटत होते. वाटत होते, एवढेच. अर्ज कुणी केला नाही. त्या वस्तीच्या सभेला आम्हीही जात होतो.

आज आम्ही त्या आईच्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो आहोत, कारण तेव्हा दिलेले उत्तर चुकीचे होते असे आता आम्हाला वाटते. रस्त्यावर माणूस मरतो तेव्हा आपण तीनच गोष्टी म्हणतो: नशीब, देवाची इच्छा, किंवा ड्रायव्हरची चूक. चौथी शक्यता आपण सहसा बोलून दाखवत नाही. ती म्हणजे, तो रस्ता तसा ठेवणाऱ्या आपल्या सर्वांची हयगय. रस्ता हा काही डोंगर किंवा नदी नाही. तो माणसाने बांधलेला असतो. तो किती रुंद, त्यात पायी चालणाऱ्याला किती जागा, नाली झाकलेली की उघडी, दिवा कुठे, हे सारे कुणीतरी ठरवलेले असते. आणि जे कुणी ठरवत नाही, तेही न ठरवण्याचा निर्णय घेतल्यासारखेच असते. मग जे माणसाच्या हाताने झाले, त्याचा भार देवावर टाकणे न्यायाचे आहे काय?

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. जुन्या करारातील तीन नियम पाहा. निर्गमच्या २१ व्या अध्यायात सांगितले आहे की, कुणी खड्डा खणला, तो झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. बैल नीट बघून का चालला नाही, असे तिथे कुणी विचारत नाही. लेवीयच्या १९ व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई आहे. आणि अनुवादच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की, छताला कठडा कर. नाहीतर वरून कुणी पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल.

त्या देशातली छते सपाट असत आणि लोक छतावर बसत, कामे करत, झोपत. आपण वऱ्हाडातले लोक उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकतो, तेव्हा आपल्याला हा नियम लगेच कळावा. छतावर जाणाऱ्यांनी सांभाळून चालावे, असा उपदेश इथे नाही. आज्ञा घर बांधणाऱ्याला आहे, आणि ती कुणी पडण्याच्या आधीची आहे. माणूस कधी झोपेत उठेल, कधी लेकरू धावेल, कधी म्हाताऱ्याचा तोल जाईल, हे नियम देणाऱ्याला ठाऊक होते. चूक होणारच हे धरून चालायचे आणि त्या चुकीची किंमत प्राण असू नये अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची, हा त्या कठड्याचा अर्थ.

आपण प्रवचनात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट नेहमी सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटलेला माणूस पडला होता. दोघे बाजूने निघून गेले, तिसरा थांबला. ही गोष्ट आपल्या देशाच्या कायद्यातही पोहोचली आहे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा माणसाला संरक्षण मिळाले. म्हणून बंधूंनो, पोलिसांच्या भीतीने जखमीला सोडून जाऊ नका. पण शेजारप्रीती इथे संपत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या एका चर्चमधील भाषणात याच गोष्टीचा आधार घेऊन सांगितले होते की, वाटेवर पडलेल्याला उचलणे ही केवळ सुरुवात आहे. ती वाटच बदलावी लागेल. शोमरोन्याने मलमपट्टी केली. कठडा बांधणाऱ्यावर मलमपट्टीची वेळच येत नाही. दोन्ही प्रीतीचीच कामे आहेत. मात्र दुसऱ्या कामात कुणी आभार मानत नाही, कारण कोण वाचले हे कुणालाच कळत नाही.

इथे कुणी म्हणेल, "फादर, मग दारू पिऊन गाडी चालवणारा सुटला काय?" अजिबात नाही. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील मेषपालकीय सेवेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी १० आज्ञा आहेत आणि पहिली आज्ञा मनुष्यहत्येच्या मनाईचीच आहे. दारू पिऊन, मोबाइल कानाला लावून किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती फटफटीची किल्ली देऊन जो दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो, त्याने पापनिवेदनात ते सांगायलाच हवे. पण दोष म्हणजे काही भाकर नाही, की वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. चालकाचा दोष पूर्ण चालकाचा आणि उघडी नाली ठेवणाऱ्यांचा दोष पूर्ण त्यांचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच प्रश्न घेतला होता: ज्याच्या हातून नकळत माणूस मरतो, तो दोषी काय? त्यांचे उत्तर असे की, हेतू नसला तरी घ्यायला हवी ती काळजी घेतली नसेल, तर तो दोषातून मुक्त होत नाही. आपणही मिस्साच्या आरंभी केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्या दुसऱ्या यादीत आपली सडक कधी आठवते काय?

आता थोडे आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे रोज सरासरी ९०. दुचाकीवरची होती ७४,८९७. म्हणजे १० मधली ६ हून अधिक माणसे अशी होती, की ज्यांच्याभोवती पत्र्याचाही आडोसा नव्हता. रस्त्यावर सगळे सारखे धोक्यात नसतात. मोटारीतला माणूस जो धोका निर्माण करतो, त्यातला फार थोडा स्वतः सोसतो. पायी चालणारी आजी कुणालाच धोका देत नाही आणि सगळा धोका सोसते. न्यायाचा प्रश्न इथेच येतो. ज्याच्या वाट्याला भार जास्त, त्याचा विचार आधी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. गरिबाच्या बाबतीत आपण ती मानतो. सडकेवरही कुणी गरीब असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

वेगाचा हिशेब कुणीही करू शकतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ८ मीटर जाते, ६० ची १६ ते १७ मीटर. चालकाला माणूस दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण सेकंद जातोच. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि वेग केवळ पाटी लावून कमी होत नाही. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा असला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. म्हणून ज्यांना खरोखर जीव वाचवायचे असतात, ते रस्त्याचा आकारच बदलतात. चौकातले वळण अरुंद करतात, म्हणजे गाडीला हळू व्हावेच लागते. ओलांडण्याची जागा थोडी उंच करतात. मध्ये दुभाजकात उभे राहायला जागा ठेवतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला एका वेळी एकाच बाजूची वाहने बघावी लागतात. आमच्या आजी अर्ध्यातून परत गेल्या, कारण त्या अर्ध्यावर उभे राहायला जागाच नव्हती.

फुटपाथचेही तसेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शनानुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडे फुटपाथ कुठे गुडघ्याएवढा उंच, कुठे मध्येच विजेचा खांब, पुढे नालीचे झाकण गायब. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, काठी टेकत जाणारा आंधळा, कडेवर पोर घेतलेली बाई, यांना तो चढताच येत नाही, मग ते सडकेवरूनच चालतात आणि वर आपणच म्हणतो, "लोक फुटपाथवरून चालतच नाहीत." सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले की, अडथळा नसलेला आणि अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे. रस्त्याच्या रचनेचे किंवा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात आहे. अनुवादातला कठडा फार उशिरा का होईना, आपल्या कायद्यात आला आहे.

झाडाची सावलीही आम्ही याच यादीत धरतो. वैशाखात अमरावती-अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ज्या बाजूला निंबाची सावली, त्या बाजूने माणूस चालतो. सावली नसली की घाईघाईने, कुठूनही रस्ता ओलांडतो.

"पण फादर, फुटपाथवरचे भाजीवाले उठवल्याशिवाय हे कसे होणार?" असाही प्रश्न येईल. भाजीवाली बाईसुद्धा रस्त्याची वापरकर्ती आहे. तिचे पोट त्याच सडकेवर आहे आणि आपली भाजीही तिथूनच येते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. तो त्यांना हाकलायला सांगत नाही, त्यांची जागा ठरवून द्यायला सांगतो. एका गरिबाला उठवून दुसऱ्या गरिबाला जागा करायची आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली आपली कार मात्र हलवायची नाही, याला न्याय म्हणता येणार नाही.

हे सारे परदेशातच शक्य आहे, असेही समजू नका. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठरवले की, माणसे चुका करणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असे रस्ते असावेत; हे खरे. पण आपल्या पुण्यातही महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून तो रस्ता दिवसभर पायी चालणाऱ्यांना देतात. आपल्या अकोल्यात तर ही गोष्ट पुण्याच्या किती आधीपासून आहे! श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी कावडीने राजराजेश्वराला नेतात, तेव्हा तो सारा रस्ता अनवाणी चालणाऱ्यांचा होतो. शेगावची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हाही वाहने थांबतात आणि माणसे पुढे जातात. हा आदर आपल्या मातीत आहे. तो सणापुरता न राहता मंगळवारच्या सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरालाही मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आपण वऱ्हाडातल्या लोकांना रस्ते बांधता येत नाहीत, असेही नाही. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षे रखडला होता. त्यावरून प्रवास करताना कंबर कशी मोडत असे, हे आपल्यातले कुणीही सांगेल. त्याच मार्गावर लोणी ते माना या भागात ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता. जूनच्या उकाड्यात रात्रंदिवस राबलेल्या ७०० हून अधिक माणसांचे ते काम होते. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो. त्या रस्त्यावरून आता आम्ही अकोल्याला सुखाने जातो. पण जाताना एक विचार मनात येतो. किती तासांत किती किलोमीटर, हे माप आपल्याकडे आहे. एका म्हातारीला गावातली सडक ओलांडायला किती मिनिटे लागतात आणि किती वेळा परत फिरावे लागते, हे माप कुणी घेते काय? ज्यांच्याकडे १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकण्याची ताकद आहे, त्यांना १०५ तासांत एका नालीवर फरशी टाकणे अवघड नाही. अडचण ताकदीची नाही. ते काम कुणाच्या मोजमापात नाही, ही अडचण आहे.

याच जिल्ह्यात, शेंडगावला, १८७६ मध्ये गाडगेबाबांचा जन्म झाला. ते गावात शिरले की आधी हातातल्या खराट्याने रस्ता आणि नाल्या झाडत आणि रात्री कीर्तन करत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाजवळ, वाटेतच त्यांचे निधन झाले. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण सगळ्यांची पावले जिथून जातात ती जागा आधी नीट करायची आणि मग देवाचे नाव घ्यायचे, हा त्यांचा क्रम आम्हा धर्मगुरूंनाही शिकण्यासारखा आहे.

आणि आता आपल्या फाटकापाशी येऊ. त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर आम्ही आजींना म्हणालो, "चला, आमच्यासोबत सडक ओलांडून दाखवा." आम्ही त्यांचा हात धरून रविवारी सकाळी, मिस्साच्या वेळी, निघालो. सडकेपलीकडे पोहोचलो आणि थांबावे लागले. चर्चच्या भिंतीलगतची कडेची सगळी जागा दुचाकींनी भरलेली होती. चढायला जागा नाही म्हणून आजींना मागून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर, सडकेवरूनच फाटकापर्यंत चालावे लागले. त्या दुचाकी आपल्याच होत्या. भिंतीलगत गाड्या लावा, असे गेल्या नाताळात आम्हीच माइकवरून सांगितले होते. आवारात मंडप टाकला होता म्हणून. मंडप निघाला, सूचना तशीच राहिली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधत आम्ही निघालो होतो आणि मुसळ आमच्याच फाटकाशी सापडले.

म्हणून पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, येत्या रविवारपासून भिंतीलगत एकही वाहन लावायचे नाही. आवारात जागा पुरणार नाही, तेव्हा ज्यांचे घर जवळ आहे त्यांनी पायी यावे. सुरुवात आमच्यापासून, आमची गाडी शेडमध्ये राहील. दोन, फाटकासमोर ओलांडण्याची उंच जागा, दिवा आणि मध्ये थांबायला आडोसा मिळावा, यासाठी अर्ज करायचा. काही रस्ते महानगरपालिकेचे असतात, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आपला कुणाचा ते आधी नीट विचारून घ्यायचे, म्हणजे अर्ज टेबलावरून टेबलावर फिरणार नाही. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध कुटुंबांच्याही सह्या घ्यायच्या, कारण पाय सगळ्यांचेच आहेत. तीन, युवक-युवतींनी आपापल्या वस्तीतली एकेक उघडी नाली आणि एकेक बंद दिवा लिहून आणायचा. वाटत होते, एवढ्यावर पुन्हा थांबायचे नाही.

अर्ज मंजूर होईल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. तोवर दर रविवारी पहिल्या मिस्साच्या आधी आपल्यातले दोघेजण सडकेच्या त्या बाजूला उभे राहतील आणि ज्यांना हात हवा त्यांना हात देतील. आजींचे नाव आम्ही आजाऱ्यांच्या यादीतून काढले आहे.

राहता राहिला त्या आईचा प्रश्न. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांना पत्र लिहिले. लिहिले की, ताई, १२ वर्षांपूर्वी दफनभूमीच्या फाटकाशी आम्ही तुम्हाला चुकीचे उत्तर दिले. तुमच्या लेकराचे मरण ही देवाची इच्छा नव्हती. त्या नालीवर फरशी असावी, ही देवाची इच्छा होती. ती आपण पाळली नाही. त्यात आम्हीही होतो. आम्हाला क्षमा करा.

उत्तर अजून आलेले नाही. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू